बंदिवानांची रत्नागिरी

लोकमान्य टिळकांचे जन्मगाव आणि हापूस आंब्याचे माहेर म्हणून रत्नागिरी सर्वांना परिचित आहे. पण ज्या समुद्रासाठी आज पर्यटक इथे धाव घेतात, त्याच समुद्रामुळे इंग्रजांनी एका परदेशी राजाला कोंडून ठेवण्यासाठी हे गाव निवडले होते.

संध्याकाळचे साडेपाच वाजले की रत्नागिरीच्या थिबा पॉइंटवर माणसे जमू लागतात. मुंबई-पुण्याहून आलेली कुटुंबे असतात, घाटावरच्या शाळांच्या सहली असतात आणि रोज ठरल्या जागी येऊन बसणारे गावातले निवृत्त गुरुजीही असतात. खाली काजळी नदी समुद्राला मिळताना दिसते. भाट्याचा लांबलचक पूल, राजिवड्याची कौलारू घरे, खाडीत नांगरून ठेवलेल्या होड्या आणि पलीकडे सुरूच्या बनाची हिरवी रेघ. सूर्य पाण्याला टेकला की बडबडणारी मुलेसुद्धा क्षणभर गप्प होतात. मग त्यांतले एखादे विचारते, ‘‘बाबा, थिबा म्हणजे काय?’’

‘‘ब्रह्मदेशचा राजा होता कुणीतरी,’’ एवढे बाबांना ठाऊक असते. तो इथे कशासाठी आला, किती वर्षे राहिला आणि परत गेला की नाही, हे विचारायच्या आत भेळवाल्याकडे रांग लागलेली असते.

खरे तर रत्नागिरी समजून घ्यायची, तर सुरुवात या थिबापासूनच करायला हवी.

तीन बाजूंनी बंद

नकाशा पुढे घेतला तर इंग्रजांच्या मनात काय होते ते लगेच कळते. पूर्वेला सह्याद्रीची भिंत. त्या भिंतीतून खाली उतरणारे आंबा घाटासारखे मोजकेच रस्ते, तेही बैलगाडीच्या चालीचे. उत्तर-दक्षिण जायचे तर दर दहा-पंधरा मैलांवर एक खाडी आडवी. पश्चिमेला समुद्र. तो वर्षातले आठ महिने उघडा, पण जूनमध्ये पाऊस सुरू झाला की गलबते किनाऱ्यावर ओढायची आणि नारळी पौर्णिमेची वाट पाहायची. या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. आगगाडीचा तर पत्ताच नव्हता. ती यायला विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली.

पेशवाई बुडाल्यावर चारच वर्षांनी, १८२२ मध्ये, इंग्रजांनी दक्षिण कोकणचे मुख्य ठाणे बाणकोटहून रत्नागिरीला हलवले. त्यामुळे गावात कलेक्टर आला, न्यायालय आले, तुरुंग आला. गोरे अधिकारी, सरकारी बंगले, पोलिसांची तुकडी, दूरवर पाहता येईल असा समुद्र आणि बाहेर पडायला वाट जवळजवळ नाही. एखाद्या राजकैद्याला सन्मानाने ठेवायचे, पण विसरायला लावायचे, तर याहून सोयीचे गाव मुंबई इलाख्यात शोधून सापडले नसते.

मंडालेचा राजा

थिबा १८७८ साली ब्रह्मदेशाच्या गादीवर आला तेव्हा तो जेमतेम एकोणीस वर्षांचा होता. राजधानी मंडाले. देशात सागवानाची अफाट जंगले आणि मोगोकच्या माणकांच्या खाणी. इंग्रजांचा डोळा या दोन्हींवर होता. सागवान तोडणाऱ्या एका इंग्रज कंपनीला केलेल्या दंडाचे निमित्त झाले आणि नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजी फौजा आगबोटींतून इरावती नदीने वर सरकल्या. युद्ध म्हणावे असे फारसे घडलेच नाही. दोन आठवड्यांत मंडाले पडले. राजा, राणी सुपयालत आणि लहानग्या राजकन्यांना राजवाड्याबाहेर काढून बोटीवर चढवण्यात आले. १ जानेवारी १८८६ रोजी उत्तर ब्रह्मदेश इंग्रजी साम्राज्याला जोडल्याचे जाहीर झाले.

ही रीत इंग्रजांना नवीन नव्हती. १८५७ च्या उठावानंतर दिल्लीचा शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर याला त्यांनी रंगूनला धाडले होते, आणि तिथेच १८६२ मध्ये त्याचा अंत झाला. दिल्लीचा बादशहा ब्रह्मदेशात, ब्रह्मदेशचा राजा कोकणात. आपल्या माणसांपासून माणूस तोडला की तो राजा उरत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

थिबाला आधी काही महिने मद्रासला ठेवले आणि एप्रिल १८८६ मध्ये बोटीने रत्नागिरीला आणले. तेव्हा त्याचे वय सत्तावीस. सर्वांत धाकटी राजकन्या पुढे रत्नागिरीतच जन्मली. सुरुवातीची चोवीस वर्षे हे कुटुंब गावातल्या बंगल्यांत राहिले. सोबत आलेले बर्मी नोकर एकेक करून मायदेशी परतले आणि त्यांच्या जागी आसपासची मराठी माणसे कामाला लागली. राजकन्या या माणसांच्या अंगाखांद्यावर वाढल्या आणि मराठी बोलू लागल्या. राणीचा दरारा मात्र कायम होता. भेटीला येणाऱ्याने आपल्यासमोर जमिनीवरच बसले पाहिजे, हा मंडालेचा रिवाज तिने रत्नागिरीतही सोडला नाही.

सरकारी तनखा होता, पण राजेशाही खर्चाला तो पुरेना. मग मंडालेहून आणलेल्या पेटाऱ्यांतली माणके बाहेर निघू लागली. गावातल्या व्यापाऱ्यांनी ती पडत्या भावात घेतली. बाहेरच्या जगाशी संबंध नसलेल्या राजाला बाजारभाव कोण सांगणार? त्याचे सर्वांत मोठे, ‘न्गा मौक’ नावाचे माणिक तर मंडालेतच गेले होते. कर्नल स्लेडन याने ते सांभाळायला म्हणून घेतले आणि परत दिले नाही, अशी थिबाची तक्रार होती. त्यासाठी तो वर्षानुवर्षे सरकारकडे अर्ज करत राहिला. माणिक मिळाले नाही. ‘रत्नागिरी’ या नावाच्या गावात रत्ने सापडत नाहीत. या राजाबरोबर ती आली, तीही अशी हातोहात गेली.

राजवाड्यातली सहा वर्षे

अखेर सरकारने राजासाठी नवा वाडा बांधायला घेतला. आराखड्यात थिबाने स्वतः लक्ष घातले. जांभा दगड कोकणचा, सागवान ब्रह्मदेशचा. उतरती छपरे, कोरीव लाकडी नक्षीच्या अर्धवर्तुळाकार खिडक्या, खाली संगमरवरी फरशीचा दरबारी दिवाणखाना आणि वर समुद्राकडे तोंड केलेली गच्ची. १९१० च्या अखेरीस राजा इथे राहायला आला. हाच आजचा थिबा पॅलेस.

सज्जातून दिसणारा समुद्र मोठा मोहक आहे. पण मंडाले हे समुद्रापासून शेकडो मैल आत, नदीकाठी वसलेले शहर. ज्या पाण्याकडे पाहत पर्यटक आज छायाचित्रे काढतात, ते थिबाच्या लेखी काय असेल, याची कल्पना वरच्या मजल्यावर उभे राहिल्याशिवाय येत नाही.

वाड्यात तो जेमतेम सहा वर्षे राहिला. एवढ्या अवधीत दुःखांची रांगच लागली. धाकटी राणी १९१२ मध्ये गेली. थोरल्या राजकन्येचे वाड्यातल्याच एका मराठी नोकराशी प्रेम जडले होते. तो विवाहित होता. तिला त्याच्यापासून मुलगी झाली, तिचे नाव टूटू. दुसऱ्या राजकन्येने राजाच्याच बर्मी कारभाऱ्याशी लग्न करण्याचा हट्ट धरून घर सोडले. तिचे जाणे राजाच्या जिव्हारी लागले, असे सांगतात. डिसेंबर १९१६ मध्ये थिबाचे निधन झाले. तीस वर्षांपूर्वी तो रत्नागिरीला आला होता, त्यानंतर मायदेशाचे दर्शन त्याला एकदाही झाले नाही.

राणी सुपयालतला १९१९ मध्ये रंगूनला परतण्याची परवानगी मिळाली. मंडालेला मात्र तिला जाऊ दिले नाही. १९२५ मध्ये ती वारली. थोरली राजकन्या आईबरोबर ब्रह्मदेशात गेली खरी, पण तिथे तिचे मन रमेना. मुलीला घेऊन ती रत्नागिरीला परत आली. ज्या गावात बापाला कैद करून आणले होते, त्या गावाला तिने आपण होऊन आपले मानले. तिचे पुढचे दिवस फार हलाखीत गेले. १९४७ मध्ये रत्नागिरीतच तिने डोळे मिटले. टूटू इथेच वाढली, इथेच संसार केला. बर्मी राजाची ही नात शेवटपर्यंत मराठी बोलत राहिली. २००० साली ती वारली. त्याच वर्षी अमिताव घोष यांची ‘द ग्लास पॅलेस’ ही इंग्रजी कादंबरी आली आणि थिबाची आठवण जगभरच्या वाचकांना झाली.

राजवाडा आता राज्य सरकारच्या पुरातत्त्व खात्याकडे असून तिथे वस्तुसंग्रहालय आहे. राजाच्या वापरातल्या थोड्या वस्तू, जुनी शिल्पे आणि मागच्या बाजूला बुद्धाची मूर्ती पाहायला मिळते. सरकारी सुट्टीच्या दिवशी दार बंद असू शकते, म्हणून आधी चौकशी करून गेलेले बरे.

अदलाबदल

थिबा राजवाड्यापासून रिक्षाने थोड्याच वेळात टिळक आळीत पोहोचता येते. गर्द झाडीत एक साधेसे कोकणी घर आहे. २३ जुलै १८५६ रोजी बाळ गंगाधर टिळकांचा जन्म रत्नागिरीत झाला. वडील गंगाधरपंत शिक्षक. बाळ दहा वर्षांचा असताना वडिलांची पुण्याला बदली झाली आणि बिऱ्हाड तिकडे गेले. हे जन्मस्थान आता स्मारक म्हणून जपलेले आहे. चौसोपी वाड्याची अपेक्षा ठेवून आलेला माणूस चकित होतो. एवढ्याशा घरातून एवढा माणूस निघाला!

पण खरी चकित होण्याची गोष्ट पुढेच आहे. १९०८ च्या जुलैमध्ये टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली आणि इंग्रजांनी त्यांना कुठे पाठवले? मंडालेला. तिथला तुरुंगही थिबाच्याच राजवाड्याच्या तटबंदीच्या आत होता. म्हणजे मंडालेचा राजा रत्नागिरीत कैद आणि रत्नागिरीचा सुपुत्र त्या राजाच्या कोटात कैद! १९०८ ते १९१४ अशी सहा वर्षे हा प्रकार चालला होता. थिबा नव्या वाड्यात राहायला गेला तो १९१० च्या अखेरीस, आणि त्याच हिवाळ्यात टिळक मंडालेच्या लाकडी कोठडीत बसून ‘गीतारहस्य’ लिहीत होते. दोघांची कधी भेट झाली नाही. एकमेकांच्या गावचा उन्हाळा आणि पाऊस मात्र दोघांनीही सोसला.

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात टिळक एका धड्यात असतात आणि ब्रह्मदेशाचे युद्ध दुसऱ्या. मुलांना घेऊन रत्नागिरीला आलेल्या पालकांनी या दोन वास्तू एकाच दिवशी दाखवाव्यात. पाठ्यपुस्तकात नसलेला धडा आपोआप होऊन जाईल.

सर्वांसाठी उघडे दार

रत्नागिरीचा तिसरा बंदिवान विनायक दामोदर सावरकर. अंदमानातून आणल्यावर १९२१ मध्ये त्यांना रत्नागिरीच्या तुरुंगात ठेवले होते. त्यांची कोठडी आजही दाखवतात. पुढे जानेवारी १९२४ मध्ये सुटका झाली ती रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जायचे नाही आणि राजकारणात भाग घ्यायचा नाही, या अटींवर. ही स्थानबद्धता १९३७ पर्यंत टिकली. गांधीजी १९२७ मध्ये रत्नागिरीला आले असताना सावरकरांना घरी जाऊन भेटले होते. दोघांचे विचार जुळले नाहीत, पण भेट झाली.

राजकारणाचे दार बंद झाल्यावर सावरकरांनी गावातली दारे ठोठावायला सुरुवात केली. शाळेत अस्पृश्यांची मुले वेगळी बसवली जात, ती सरमिसळ बसावीत म्हणून खटपट केली. सहभोजने घडवली. गावातल्या जुन्या विठ्ठल मंदिरात प्रवेशासाठी आग्रह धरला, तेव्हा सनातनी मंडळी आडवी आली. मग भागोजीशेठ कीर पुढे झाले. भागोजीशेठ मूळचे रत्नागिरीचे, गरीब भंडारी कुटुंबात जन्मलेले आणि मुंबईत बांधकामाच्या धंद्यात नाव-पैसा कमावलेले. दादरची हिंदू स्मशानभूमी ही त्यांचीच देणगी. त्यांनी स्वतःच्या खर्चाने मंदिर बांधून दिले. फेब्रुवारी १९३१ मध्ये पतितपावन मंदिर सर्व जातींच्या हिंदूंसाठी, अगदी गाभाऱ्यापर्यंत, खुले झाले. पुढे सर्व जातींच्या लोकांसाठी एक उपाहारगृहही निघाले. अमक्याच्या हातचा चहा प्यायचा की नाही यावरून घरोघर भांडणे होण्याचा तो काळ. आज मंदिरात जाणाऱ्याला त्यात विशेष काही वाटत नाही. त्या वेळी मात्र त्या पायऱ्या चढायला धैर्य लागत होते.

सावरकरांच्या मतांविषयी वाद आहेत आणि राहतील. भागोजीशेठांच्या दातृत्वाविषयी मात्र रत्नागिरीत दुमत आढळत नाही.

बोट लागायची ते दिवस

कैद्यांसाठी जी वाट बंद होती, ती रत्नागिरीकरांसाठी तरी कुठे फार उघडी होती? घरटी एक माणूस मुंबईला गिरणीत, गोदीत किंवा कचेरीत. त्याची मनिऑर्डर आली की चूल पेटायची. हा चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला बोटीने यायचा. बोट बंदराला लागत नसे. ती दूर खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंना पडावात उतरवून किनाऱ्यावर आणले जाई. बायकामुले, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, सगळे हेलकावणाऱ्या पडावात. ‘बोट लागणे’ म्हणजे काय ते ज्यांनी अनुभवले ती पिढी आता फारशी उरलेली नाही. पावसाळ्यात तर हीही सोय नसे. जूनमध्ये घरात कुणी दगावले, तर मुंबईच्या मुलाला पत्र मिळेपर्यंत तेरावे उरकलेले असायचे.

या एकटेपणानेच रत्नागिरीच्या माणसाची जीभ तिरकस केली की काय, कोण जाणे! पु. ल. देशपांड्यांनी ‘अंतू बर्वा’ मधल्या आळीत बसवला तो उगाच नाही. फणसासारखी माणसे, अशी उपमा देऊन लोक मोकळे होतात. पण बाहेरून येणाऱ्याने काटे पाहून परत फिरू नये. एकदा पडवीत बसायला मिळाले, की कोकमाचे सरबत प्यायल्याशिवाय सुटका नाही.

मग यष्टी आली, खाड्यांवर पूल झाले, बोटी बंद पडल्या. आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर. रत्नागिरीच्या परिसरात तर अभियंत्यांची परीक्षाच होती. गावाच्या उत्तरेला करबुडे येथे साडेसहा किलोमीटरचा बोगदा आहे आणि दक्षिणेला पानवल नदीवर ६४ मीटर उंचीचा पूल. पुलावरून गाडी जाताना खिडकीशी बसलेली माणसे आपोआप आत सरकतात. ज्या सह्याद्रीच्या भरवशावर इंग्रजांनी राजाला इथे आणून ठेवले, त्याला अखेर भोके पडली.

हापूसचे दुखणे-खुपणे

रेल्वेने माणसे आणली, पण रत्नागिरीचे नाव घरोघर नेले ते हापूसने. हे नाव पोर्तुगीज सेनानी आफोन्सो द आल्बुकर्क याच्यावरून पडले असे मानतात. कलमे बांधण्याची कला पोर्तुगिजांनी गोव्यात रुजवली आणि ती किनाऱ्याने वर सरकली. रत्नागिरीच्या कातळाने मात्र या परक्याला आपली चव दिली. इथले बागायतदार काळ्या कातळात सुरुंग लावून खड्डे करतात, दुरून माती आणून ते भरतात आणि त्यात कलम लावतात. खडकात झाड वाढवण्याचा हा उद्योग ज्याने पाहिला, तो पुन्हा आंब्याच्या भावाची घासाघीस करताना जरा अडखळेल.

नोव्हेंबर-डिसेंबरात थंडी पडली तर मोहोर येतो. नाही पडली तर पालवी येते आणि बागायतदाराचा चेहरा उतरतो. मोहोरावर ढगाळ हवा आली की तुडतुडे आणि फुलकिडे. फळ सुपारीएवढे झाले की गळ. एप्रिलमध्ये अवकाळी पाऊस आला तर डाग. फळ झाडावरच फार तापले तर आतून पांढरा, बेचव ‘साका’. यातून वाचलेला आंबा देठासकट झेल्याने उतरवायचा, कारण देठ तुटला तर चिकाने साल भाजते. मग भाताच्या पेंढ्यात आढी घालायची आणि रोज हात घालून वास पाहायचा. बागा राखायला आता नेपाळहून गडी येतात. हंगामात रत्नागिरीच्या रस्त्यांवर नेपाळी बोली सर्रास कानावर पडते. घरची मुले मुंबईला, आणि बागेत हिमालयातली माणसे!

२०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांबाहेरच्या आंब्याला ‘हापूस’ म्हणून विकता येऊ नये, हा त्यामागचा हेतू. तरी बाजारात परप्रांतीचा आंबा रत्नागिरीच्या पेटीत बसून येतोच. गृहिणींनी एवढे लक्षात ठेवावे : खरा हापूस खोलीत ठेवला की घरभर दरवळतो, त्याची साल पातळ असते आणि नुसता पिवळाधमक रंग पाहून फसू नये. एप्रिल-मेमध्ये रत्नागिरीला गेल्यास थेट बागेतून पेटी घेणे सर्वांत उत्तम. पिकलेला नव्हे, तयार झालेला हिरवा आंबा घ्यावा, म्हणजे घरी पोहोचेपर्यंत मुरतो.

किल्ला, बंदर आणि पाटावरचे जेवण

रत्नागिरीला दोन समुद्र आहेत, असे स्थानिक लोक सांगतात. एका बाजूला मांडवीची काळसर वाळू, तो काळा समुद्र. दुसऱ्या बाजूला मिऱ्याकडे पांढरा समुद्र. मध्ये समुद्रात घुसलेल्या डोंगरावर घोड्याच्या नालेच्या आकाराचा रत्नदुर्ग. बहामनी काळातला हा किल्ला १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी आदिलशाहीकडून घेतला. बालेकिल्ल्यात भगवतीचे मंदिर आहे आणि एका टोकावर १८६७ मध्ये उभारलेले दीपगृह. चढण फारशी नाही, म्हातारी माणसेही सावकाश जाऊ शकतात. वरून एकीकडे मांडवीची जेट्टी दिसते, तर दुसरीकडे मिरकरवाड्याच्या बंदरात दाटीवाटीने उभ्या असलेल्या मच्छीमार नौका. मिऱ्याच्या बाजूला किनारा दर पावसाळ्यात खचतो, तो राखण्यासाठी घातलेले दगडही दिसतात.

मिरकरवाड्याला सकाळी जावे. सुरमई, पापलेट, बांगडा, कोळंबी यांचे ढीग आणि कोळणींचा आवाज. नाकाला रुमाल लावून उभे राहिलात, तर भाव दुप्पट. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या माशांच्या आशेने जाऊ नये. झाडगाव येथे कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालय आहे. मुले तिथून हलत नाहीत. भाट्ये येथे नारळ संशोधन केंद्र असून तिथे नारळाची रोपे मिळतात.

शाकाहारी मंडळींची चैनच. आंबोळी, घावन, उकडीचे मोदक, फणसाची भाजी, कुळथाचे पिठले, शेवटी सोलकढी. खरेदीला आंबापोळी, फणसपोळी, तळलेले गरे, आमसुले आणि काजू.

हाताशी दोन दिवस असतील तर आरे-वारेच्या सागरी रस्त्याने गणपतीपुळ्याला जावे. तिथला समुद्र मात्र दिसतो तितका सरळ नाही, बुडण्याच्या घटना दरवर्षी घडतात, म्हणून पाण्यात खोल जाऊ नये. जवळच मालगुंडला केशवसुतांचे स्मारक आहे. दक्षिणेला पावसला स्वामी स्वरूपानंदांची समाधी. आणि सड्यावरची कातळशिल्पे अवश्य पाहावीत. उक्षी, जांभरूण अशा गावांच्या उघड्या कातळावर हत्ती, मासे, माणसे आणि न उलगडलेल्या आकृत्या कोरलेल्या आहेत. गुराख्यांना त्या कधीपासून माहीत होत्या. रत्नागिरीतल्या हौशी अभ्यासकांनी पायपीट करून त्या जगापुढे आणल्या आणि २०२२ मध्ये त्यांतल्या काही ठिकाणांचा युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत समावेश झाला.

मुंबईहून रस्त्याने अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आत आहे, पण रेल्वेच सुखाची. स्टेशन गावाबाहेर कुवारबावला आहे, तिथून रिक्षा आणि यष्टी मिळते. हवा ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. मेमध्ये घामाघूम व्हाल, पण आंबा तेव्हाच असतो.

यादीत नसलेली समाधी

एक जागा बहुतेक सहलींच्या यादीत नसते. शिवाजीनगर भागात थिबा राजाची समाधी आहे. राजाचा देह मायदेशी नेऊ द्यावा, अशी राणीची मागणी होती. इंग्रजांनी ती मानली नाही. दोन वर्षांहून अधिक काळ राजाची शवपेटी अंत्यविधीची वाट पाहत राहिली. अखेर १९१९ मध्ये राजा आणि धाकटी राणी यांना इथे शेजारी शेजारी पुरण्यात आले.

पुढची कित्येक वर्षे इकडे कुणी फिरकले नाही. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला आले आणि या समाधीपुढे नतमस्तक झाले. २०१६ मध्ये राजाच्या निधनाला शंभर वर्षे झाली, तेव्हा म्यानमारमधून त्याचे वंशज आले.

टूटूची मुले-नातवंडे रत्नागिरीचीच. त्यांची आडनावे मराठी आहेत आणि घरातली भाषाही.